नानांचं विसरणं

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, कधी काही विसरत नसत, आणि ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने कमी आणि धाकाने जास्त सांगितली जायची. सिकंदराबादला रेल्वेत चौकशीच्या खिडकीमागे त्यांचा जन्म गेला होता. कुठली गाडी कुठे थांबते, कुठे इंजिन बदलतं, कुठल्या फलाटावरचा वडा खावा आणि कुठला हुंगूही नये, सगळं तोंडपाठ. घरी आले की हात-पाय धुऊन ते दुसऱ्या खिडकीत बसायचे, फक्त आता गाड्यांच्या जागी ग्रह. हैदराबादेतल्या निम्म्या मराठी घरांच्या पत्रिका नाना करत. कुणाचं गोत्र काय, कुणाच्या धाकटीला मंगळ आहे, कुणाचं ठरता ठरता कशावरून फिसकटलं, हे त्या त्या घरच्यांपेक्षा नानांना जास्त ठाऊक. आत्या, म्हणजे नानांची थोरली विधवा बहीण, आमच्याकडेच असायची. ती म्हणायची, "ह्याच्यापुढं खोटं बोलायची सोय नाही बाई. मेला म्हातारपणी आठवण करून देईल."

माझ्या नावाचीही एक गोष्ट होती, ती नाना आल्यागेल्याला सांगत. मी जन्मले तेव्हा त्यांनी पत्रिका मांडली आणि माझं अक्षर निघालं 'ठ'. आता ठ वरून काय ठेवणार? आत्याने लगेच "ठमी ठेव, ठमी" म्हणून हसून घेतलं. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचंच शास्त्र बाजूला सारलं आणि म्हणाले, "शास्त्र गेलं उडत. पोरगी उजेड घेऊन आलीय." असं माझं नाव उज्ज्वला. मी एकुलती एक. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटायचं, ह्या माणसाने माझ्यासाठी आकाशातल्या ग्रहांशी भांडण घेतलंय. मग मी जिना चढता-उतरता पायऱ्यांवर माझंच नाव मोठ्याने म्हणत सुटायची.

जामबागेतल्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमचं घर. घरात मराठी, जिन्यावर तेलुगू आणि रस्त्यावर पाऊल टाकलं की दखनी, असा आमचा तिहेरी संसार. सकाळी खालच्या अम्मांच्या अंगणात पाण्याचा सडा पडायचा, मग मशिदीची अजान, मग आमच्या कुकरची शिट्टी, मग गोंगुरा विकणारीची हाक. हा क्रम कधी चुकला तर आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज काय झालं गं, गोंगुरावाली नाही आली?" आम्ही तिच्याकडून जुडी घेऊन अंबाडीची भाजी म्हणून भाकरीशी खायचो. शेजारचे तीच गोंगुरा म्हणून भाताशी खायचे. आणि पत्रिकेसाठी कुणी आलं की ठरलेली सुशीला. सुशीला म्हणजे कुणी बाई नव्हे, भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली हिरव्या मिरचीची फोडणी. वर दाण्याचं कूट, लिंबू, आणि मग चहा. नाना आत बघून नुसतं "पाहुणे" म्हणाले की आई चुरमुरे पाण्यात टाकायची. बश्या बाहेर न्यायचं काम माझं. लोक यायचे, मुलामुलींच्या पत्रिका जुळवून घ्यायचे, सुशीला खायचे, जायचे. मी कोण कुणाचं ह्याकडे कधी लक्षही दिलं नाही. हे मी आत्ताच का सांगतेय ते पुढे कळेल.

कॉम्प्युटर आला तो ह्या पत्रिकांच्या निमित्ताने. एक ऑफिस बंद होत होतं, तिथून नानांनी जुनाच उचलून आणला. "पत्रिका छापून देता येतील" असं आईला सांगितलं, पण मला जिन्यात हळूच म्हणाले, "तुझ्यासाठी आणलाय. आईला बोलू नको." मी तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला, विषय कॉम्प्युटरच, आणि प्रॅक्टिकलला चौघींत मिळून एक मशीन. त्या दिवशी मी नानांच्या गळ्यातच पडले. मधल्या खोलीत त्याची स्थापना झाली. आईने भरतकामाची चादर घातली, दसऱ्याला कळफलकावर कुंकू वाहिलं, आणि झेंडूच्या पाकळ्या बटणांमध्ये अडकून ते 'एम'चं बटण कितीतरी दिवस कुरकुरत होतं. पत्रिकेची माहिती नाना तोंडी सांगायचे आणि मी टाईप करायची. नानांना स्वतःला एका बोटाने, तेही शोधून शोधून यायचं.

बाकीचा सगळा वेळ मशीन माझं. आमच्या नात्यातली, ओळखीतली पोरं मराठी बोलायची, पण वाचायला बसवलं की ततपप. शाळेत तेलुगू, हिंदी, इंग्रजी, मराठी कुठून येणार? त्यांच्यासाठी मी मुळाक्षरांचा एक प्रोग्राम करायला घेतला. अक्षरावर क्लिक केलं की चित्र यायचं आणि आवाज यायचा. आवाज आत्याचा. कोठीच्या बाजारातून एक स्वस्तातला माईक आणला आणि आत्याला समोर बसवलं. ती पदर सारखा करून, गळा साफ करून बसायची आणि "क, कमळाचा" म्हणायच्या ऐवजी "क, कढीचा" म्हणायची. "कमळ कुणी बघितलंय इथं? कढी रोज खातात पोरं." मग ग गोंगुऱ्याचा, च चुरमुऱ्यांचा, इ इमलीचा असं आमचं हैदराबादी मुळाक्षर तयार झालं. मागे कुकरची शिट्टी, अजान, खालच्या अम्मांचा ओरडा, सगळं त्यात आलं. मी काढून टाकायला जायची तर आत्या म्हणायची, "राहू दे गं. घर आहे, स्टुडिओ नाही."

पुण्यात मुलांसाठी शिक्षणाच्या सीडी काढणारी एक कंपनी होती. कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं म्हणून मी त्यांना लिहिलं, आणि तिकडून फोन आला की या, काम दाखवा, पसंत पडलं तर नोकरीच देऊ. फोन नानांनीच घेतला होता. त्यांनी रिसीव्हर हाताने झाकून मला असा काही डोळा मारला की माझ्या पोटात फुलबाजी पेटली. "हौ, हौ, जा की," म्हणाले. "बघू दे पुण्याच्या लोकांना आपला ग गोंगुऱ्याचा." दुसऱ्याच दिवशी तिकीट काढून आणलं, खिडकीजवळची जागा, आणि कुठल्या स्टेशनात उतरून काय खायचं तेही पाठ करून घेतलं. आई गप्प होती. आईचं गप्प बसणं मला ठाऊक होतं, पण नाना माझ्या बाजूला असताना मी कशाला कुणाला भीक घालतेय! आता फक्त सगळं सीडीवर घालून न्यायचं राहिलं होतं. सीडी करायचं यंत्र घरी नव्हतं, फ्लॉपीवर आवाज मावत नव्हते, म्हणून शनिवारी कॉम्प्युटरचा डबाच उचलून कोठीतल्या दुकानात न्यायचा असं ठरवलं. गाडी रविवारची, मुलाखत सोमवारी.

त्याच्या आदल्या रविवारी एक कुटुंब पत्रिकेसाठी आलं. आई, वडील आणि मंगेश नावाचा त्यांचा मुलगा. मूळचे मुंबईचे, नोकरीमुळे इकडे आलेले. मी नेहमीसारखी सुशीला नेली. बाईंनी विचारलं, "तूच केलीस का?" मी म्हटलं, नाही, आईने. "येते ना पण?" मी म्हटलं, चुरमुरे भिजवायला काय येतंय त्यात. आईने आतून भांडं आपटलं. मुलगा मात्र कॉम्प्युटरकडे बघत होता, म्हणून मी त्याला माझा प्रोग्राम दाखवला. त्याने ग वर क्लिक केलं, आत्या "गोंगुऱ्याचा" म्हणाली आणि तो मनापासून हसला. बरा वाटला. मी मनात म्हटलं, कुठल्या तरी पोरीचं बरं आहे. जाताना बाईंनी माझ्या हातावर एक नारळ ठेवला. मला वाटलं, सुशीला आवडली असेल. मग नाना म्हणाले, "ही पत्रिका मीच टाकतो मशीनमध्ये. तू जा, अभ्यास कर." ते एका बोटाने दुपारभर टक टक करत बसले, आणि मला त्यांचं कौतुक वाटलं, की म्हातारा शिकायलाय.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एक चौकट. पासवर्ड द्या. तो दिल्याशिवाय मशीन पुढे हलेचना. नाना म्हणाले, "अगं, मीच लावलाय. खालची पोरं येऊन खेळतात, पत्रिका उडवून ठेवतील. लोकांच्या घरच्या गोष्टी असतात त्यात." काय आहे पासवर्ड? नाना खुर्चीत बसले. चष्मा काढला. कपाळावर हात ठेवला, बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "विसरलो गं."

मी हसले. मला ती थट्टाच वाटली. नाना आणि विसरतील? पण ते हसले नाहीत. मग आमच्याकडे जे सुरू झालं त्याला आज कुणीही तमाशाच म्हणेल. मी पहिल्यांदा माझं नाव टाकून पाहिलं. मला खात्रीच होती की नाना दुसरं काही ठेवणार नाहीत. मशीन नाही म्हणालं. मनात बारीकसं काही टोचलं, पण मी पुढे निघाले. गणपती झाला, बालाजी झाला, आईचं नाव, आत्याचं नाव. "भवानी घाल, भवानी," आत्या मागून ओरडत होती. "कुलदैवत आहे, ती उघडेल!" भवानीने उघडलं नाही. सिकंदराबाद त्या चौकटीत मावेना. काही चुका झाल्या की मशीन मेल्यासारखं गप्प व्हायचं, की परत बंद करा, परत चालू करा. आत्या शेवटी वैतागली. "काय रे नाना, काय करायलास हे? आपल्याच घराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकलास की!" नाना मान खाली घालून बसले होते. मला इतकं वाईट वाटलं त्यांचं. मी आत्यावरच खेकसले, की वय झालं माणसाचं, विसरतं माणूस, छळू नको त्यांना.

तो डबा उघडायची माझी छाती नव्हती. कॉलेजात आम्हाला प्रोग्राम लिहायला शिकवलं होतं, आत हात घालायला नाही. आज कळतं, आतली बटणाएवढी बॅटरी काढून परत बसवली असती तरी काम झालं असतं. तेव्हा कोण सांगणार? बुधवारी नाना म्हणाले, "तू परेशान होऊ नकोस, मी नेतो दुकानात," आणि डबा चादरीत गुंडाळून ऑटोतून घेऊन गेले. मी गॅलरीत उभी. संध्याकाळी परत आले ते चेहरा पाडून. "तो म्हणतो, उघडून देईन, पण आतलं सगळं पुसलं जाईल." सगळं? "सगळं." नाना माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले. "असू दे. पुढच्या वर्षी करशील पुन्हा. पुणं कुठं पळून जातंय?" मी रडले ती त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून. त्यांचं धोतर भिजलं. त्यांनीच मग तिकीट रद्द करून आणलं, त्यांनीच पुण्याला फोन करून कळवतो म्हणाले, आणि मला ते उपकार वाटले.

आणि मग बदाम. कोणीतरी सांगितलं होतं, की भिजवलेल्या बदामांनी स्मरणशक्ती येते. मला माझ्या प्रोग्रामपेक्षाही नानांची भीती वाटायला लागली होती. ज्या माणसाला सगळ्या गाड्या पाठ, तो एक शब्द विसरतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, उद्या घरचा रस्ता विसरतील. त्या आठवड्यात मी रोज बदाम भिजत घालायची, सकाळी उठून एकेकाचं साल काढायची आणि वाटीत घालून नानांपुढे ठेवायची. "खा आणि आठवा," म्हणायची. ते माझ्याकडे न बघता एकेक बदाम तोंडात टाकायचे, सावकाश चावायचे, आणि वाटी परत द्यायचे. "नाही आठवत गं," म्हणायचे. लग्न, पुणं, नोकरी, सगळ्याची माफी मी आयुष्यात कधीतरी देऊ शकले. त्या बदामांची नाही देऊ शकले. खाल्ले हो त्यांनी. रोज खाल्ले.

शनिवारी आत्याने मला सुलतान बाजारात पाठवलं. तिचा चकलीचा सोऱ्या दुरुस्तीला टाकलेला होता. दुकान आमचं नेहमीचं, भांड्यांचं. आमच्या घरातला चमचासुद्धा त्यांच्याकडचा आणि प्रत्येकावर नाव घातलेलं. दारातच यंत्र घेऊन बसलेला कारागीर स्टीलवर नाव कोरायचा, त्याचा तो टर्र टर्र आवाज त्या गल्लीत सारखा चालू असायचा. मला बघून सेठ उठलेच. "आओ बेटी, मुबारक हो! तुमारे अब्बा की चीज तयार है. लेते जाओ. देखो, नाम कैसा चमक रा!" मला वाटलं, नानांनी काही टाकलं असेल. सेठनी कागद सोडवला आणि माझ्यापुढे चांदीचं मोठं ताट धरलं. कडेने वेलबुट्टी, आणि खाली मराठीत, सुबक अक्षरांत: चि. सौ. कां. मानसी. त्यापुढे त्या मुंबईवाल्यांचं आडनाव. आणि त्याखाली आमच्या नानांचं नाव, 'यांजकडून सप्रेम भेट'.

मी म्हटलं, सेठ, मानसी कोण? सेठ हसायला लागले. त्यांना वाटलं मी लाजतेय. "अरे, तुमीच तो है! तुमारे लोगां में शादी में नाम बदलते ना? अब्बा बोले, लडके का नाम म से है, लडकी का भी म से रखे. खुद लिखके दिए." टर्र टर्र चालूच होतं. मला एकदम त्या नारळाची आठवण झाली. मग सुशीलेची. "येते ना पण?" ह्याची. मी कुणाच्या तरी पोरीचं बरं आहे म्हणाले होते, त्याची. आमच्या घरात मला दाखवून झालं होतं, पसंत करून झालं होतं, माझं नावसुद्धा बदलून झालं होतं, आणि मी बश्या उचलत होते! बघायला आलेल्यांना मी पत्रिकेचं गिऱ्हाईक समजले. दुसऱ्या कुठल्या घरात मुलगी इतकी उल्लू बनली नसती. दुसऱ्या घरात परके लोक आले तर मुलगी निदान विचारते तरी, की हे कोण. मी ताट घेतलं. सोऱ्या तिथेच राहिला.

घरी येईपर्यंत मला फक्त लग्नाचा राग होता. तो मी भांडून काढला असता. जिना चढता चढता मात्र पायरीवरच थांबले, कारण तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ताट कुणाला दाखवलं नाही. सरळ मधल्या खोलीत गेले, चादर ओढली, बटण दाबलं. काळा पडदा, चौकट. एम. ते दसऱ्यापासून कुरकुरणारं बटण. मग ए, एन, ए, एस, आय.

मशीन उघडलं. काही झालंच नसल्यासारखं, रोजच्यासारखं उघडलं. माझा प्रोग्राम जागच्या जागी होता. कुणी काही पुसलेलं नव्हतं, कुणी दुकानात नेलेलं नव्हतं. चादरीत गुंडाळून डबा ऑटोत घातला आणि कुठे फिरवून आणला देव जाणे. मी स्पीकर होता तेवढा मोठा केला आणि ग वर क्लिक केलं. घरभर आत्याचा आवाज झाला, "ग, गोंगुऱ्याचा!" मागे कुकरची शिट्टी. मी पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा. आत्या भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावत आली. "उघडलं का गं? भवानीनं उघडलं?" आई दारात येऊन उभी राहिली आणि ताट बघून तिने पदर तोंडाला लावला. मागून नाना आले. पडदा बघितला, ताट बघितलं, आणि खुर्चीत बसले. ह्या वेळी कपाळावर हात ठेवला नाही.

"आठवला, नाना," मी म्हटलं. "बदामांनी काम केलं."

आत्याने ताट उचललं, नाव वाचलं, पडद्याकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. "लग्नाचं मला ठाऊक होतं उज्जू," ती म्हणाली. "वाटलं, नाना बोलला असेल तुझ्याशी. पण हे? नाना, अरे हे काय केलंस?"

"चांगलं स्थळ आहे," नाना म्हणाले. "छत्तीस गुणांपैकी..."

"मला गुण सांगू नका!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा नानांवर ओरडले. "नको जाऊ म्हणायचं होतंत ना! तोंडावर सांगायचं होतंत, पुण्याला जायचं नाही म्हणून!"

"तू भांडली असतीस."

"असते! भांडलेच असते!"

"म्हणून तर," नाना म्हणाले, अगदी हळू. "तू भांडलीस की माझ्याच्यानं 'नाही' म्हणवत नाही. मी तिकडं शब्द देऊन बसलेलो. मला वाटलं, मी विसरलो म्हटलं तर तू माझ्यावर रागावणार नाहीस."

आणि ते खरं होतं, हाच तर त्यातला विषारी भाग. मी रागावले नव्हतेच. मी बदाम सोलत होते. मी विचारलं, नाव कुणी काढलं? तिकडच्यांनी? नाना खाली बघत म्हणाले, "त्यांना म वरून हवं होतं. मी सुचवलं." ज्या माणसाने माझ्या नावासाठी ग्रहांना उडवून लावलं, त्यानेच बसल्या बसल्या दुसरं काढून दिलं, भांड्यावर घालायला टाकलं, आणि वर त्याचंच कुलूप करून माझ्या कामाला लावलं. ते जाणूनबुजून ठेवलं की त्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात तेवढा एकच शब्द होता, हे मी कधी विचारलं नाही. दोन्हींपैकी कुठलं उत्तर मला बरं वाटलं असतं, सांगा बरं!

मी डबा उचलला. आईने "अगं" म्हटलं तेवढंच. जिन्यात मागून चपला वाजल्या, बघते तर आत्या, हात तसेच पिठाचे. "चल," म्हणाली. "आवाज माझा आहे. मला विचारल्याशिवाय कोण गप्प बसवतंय बघते." कोठीत सीडी करून घेतली, आणि रविवारी आम्ही दोघी बायकांच्या डब्यात बसून, दाटीवाटीत, भाकरी आणि तिळाची चटणी खात पुण्याला गेलो. स्टेशनवर नाना आले नाहीत. कंपनीतले साहेब मला बघून चकित. "तुमच्या वडिलांचा फोन आला होता. लग्न ठरलंय, येणार नाही म्हणाले." म्हणजे तो उपकाराचा फोनसुद्धा त्यातलाच. आत्या पुढे झाली आणि म्हणाली, "ते विसरायलेत हल्ली." मग साहेबांनी सीडी लावली, ग वर क्लिक केलं, स्पीकरकडे बघितलं आणि मग आत्याकडे. आत्या पदर सारखा करून म्हणाली, "हौ, मीच ती."

नोकरी लागली. पुढे काही वर्षांनी ती कंपनीही बंद पडली आणि आमचं मुळाक्षर काही बाजारात आलं नाही, पण मी तोवर पायावर उभी होते. ते स्थळ मोडलं. नानांचा शब्द गेला, आणि लोकांनी पत्रिकेसाठी येणं हळूहळू कमी केलं. ह्या गोष्टीवर नाना कधी चकार शब्द बोलले नाहीत, मीही बोलले नाही. सणाला मी जायची, ते गाड्यांचं विचारायचे, मी सांगायची. ते ताट आईने कणीक मळायला काढलं. आमच्याकडे त्याला अजून 'मानसीचं ताट' म्हणतात. माझ्या लेकीने लहानपणी विचारलं होतं, "आई, मानसी कोण होती?" मी म्हटलं, होती एक, आपल्याकडे येणार होती, आली नाही.

आई गेली, आत्या गेली. नाना आता माझ्याकडे असतात. डॉक्टर म्हणतात, ह्या वयात होतं असं. गाड्या गेल्या, गोत्रं गेली, परवा स्नानगृहाचा रस्ता गेला. मी पुन्हा बदाम भिजत घालते. कशासाठी ते मला विचारू नका. सकाळी त्यांच्यासमोर बसते, साल काढते, वाटीत ठेवते. आज सकाळी ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुझं नाव... विसरलो गं."

तोच हात, तेच कपाळ, तोच 'गं'. आणि लाज वाटते सांगायला, पण मला रडू आलं नाही. मी वाटी हातात धरून त्यांचा चेहरा निरखत राहिले, पापणी हलते का, नजर चुकवतात का. डॉक्टरांचे कागद कपाटात आहेत, सगळं लिहिलंय, तरी मी माझ्या बापाच्या तोंडाकडे बघत होते, की हे खरंच विसरलेत, की पुन्हा कुठे शब्द देऊन आलेत.

"उज्ज्वला," मी शेवटी म्हटलं. "माझं नाव उज्ज्वला आहे."

"उज्ज्वला," नाना म्हणाले. एक बदाम तोंडात टाकला, सावकाश चावला. "चांगलं नाव आहे. कुणी ठेवलं?"

"तुम्हीच ठेवलंत, नाना," मी म्हणाले, आणि पुढचा बदाम सोलायला घेतला.